पाचगणीचा फारोख, लंडनचा फ्रेडी

डोळ्यांखाली चमकी, नखांना काळा रंग, अंगात सॅटिनचा झगा! १९७०च्या दशकात इंग्लंडच्या तरुण गायकांनी हे काय आरंभले होते? त्या झगमगाटातला एक गायक आपल्या सातारा जिल्ह्यात लहानाचा मोठा झाला होता.

बंगळूरच्या इंदिरानगरमधला शंभर फुटी रस्ता शनिवारी रात्री माणसांनी फुललेला असतो. एकेकाळी ही लष्करातल्या मंडळींच्या ऐसपैस बंगल्यांची वसाहत. आता तिथे कपड्यांची दुकाने, हॉटेले आणि पब दाटीवाटीने उभे आहेत. पुण्या-नाशिकहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली मराठी मुलेही या गर्दीत असतात. एखाद्या पबमध्ये जुने रॉक संगीत लागले, की कधी ना कधी 'वुई विल रॉक यू' येतेच. दोनदा धम्म, एकदा टाळी. लगेच टेबलांवर थापा पडू लागतात. गाणे १९७७चे, म्हणजे थाप मारणाऱ्या बहुतेकांच्या जन्माआधीचे. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे त्या टेबलावर किती जणांना ठाऊक असेल?

ही धम्म-धम्म-टाळी ज्या संगीताचा वारसा सांगते, त्याचे नाव ग्लॅम रॉक.

चमकी, आरसे आणि उंच टाचा

साठचे दशक संपता संपता इंग्लंडमधले रॉक फार गंभीर झाले होते. मळकी जीन, खाली घातलेली मान आणि संपता न संपणारे गिटारवादन! शाळकरी मुलामुलींना नाचायला त्यात काही उरले नव्हते. अशात १९७१ साली टी. रेक्स या बँडचा गायक मार्क बोलन बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात डोळ्यांखाली चमकी लावून आला. रंगीत टीव्ही तेव्हा इंग्लंडमध्ये नवा होता आणि चमकी त्यावर झकास दिसे. पुढच्याच वर्षी डेव्हिड बोवीने लाल केसांचा 'झिगी स्टारडस्ट' उभा केला. त्याचे काही पोशाख कान्साई यामामोतो या जपानी कलावंताने शिवले होते. त्यांवर काबुकी रंगभूमीची छाप होती, जिथे बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. स्लेड बँडच्या गायकाने तर टोपीवर आरसेच लावले.

गाणी मात्र सोपी. ठसठशीत ठेका, गिटारचे मोजके सूर, टाळ्या आणि सगळ्यांनी मिळून ओरडावे असे ध्रुवपद. मुले खूश, आईबाप हबकलेले. हा मुलगा की मुलगी, असा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. मराठी माणसाला याचे इतके नवल वाटू नये. बालगंधर्वांची साडी पाहून घरंदाज बायका तशी साडी नेसत, ते आपल्याच महाराष्ट्रात. फरक इतकाच, की बालगंधर्व भामिनी होत, सिंधू होत. हे तरुण पुरुष म्हणूनच नटत आणि गात.

तोंडावर हात

फारोख बलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मला. घराण्याचे मूळ गाव गुजरातेतले बलसार, म्हणजे वलसाड. वडील ब्रिटिशांच्या सरकारी कचेरीत रोखपाल होते. चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या फारोखला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये ठेवले. आईबाप समुद्रापलीकडे, सुट्या बहुतेकदा मुंबईच्या नातेवाइकांकडे. त्यातून तोंडात चार दात जास्तीचे, त्यामुळे समोरचे दात पुढे आलेले. मुले 'बकी' म्हणून चिडवत. हसताना तोंडावर हात धरायची त्याची सवय मोठेपणीही गेली नाही.

हा बुजरा मुलगा पियानोवर बसला, की वेगळाच होई. १९५८च्या सुमारास शाळेतल्या पाच मित्रांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ते वाजवत. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक दुसराच होता, फारोख पियानोवर असे. 'फ्रेडी' हे नाव त्याला याच शाळेत पडले.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठले. लंडनमध्ये त्याने कलाशिक्षण घेतले, केन्सिंग्टन बाजारात मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. १९७०मध्ये 'क्वीन' बँड निघाला आणि बलसाराचा मर्क्युरी झाला. ग्लॅमच्या ऐन भरात त्याला हवे ते सापडले. १९७४ साली झँड्रा ऱ्होड्स हिने त्याच्यासाठी पंखांसारख्या बाह्यांचा पांढराशुभ्र, चुणीदार अंगरखा बनवला. हसताना तोंड झाकणारा मुलगा आता हजारो लोकांसमोर पंख पसरून उभा राहू लागला. नटणे म्हणजे नुसती थेरं, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ग्लॅमची लाट १९७५-७६पर्यंत ओसरली. बोलन १९७७मध्ये मोटार अपघातात गेला, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. क्वीन मात्र तरले. जवळजवळ सहा मिनिटांचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५-७६मध्ये ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. 'वुई विल रॉक यू'साठी तर ड्रम न वाजवता स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटले गेले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात फ्रेडी आला तो साधी बंडी आणि जीन घालून. झगा आता लागत नव्हता.

लपवणे मात्र सुटले नाही. पाचगणी, पारशी घर यांविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोले. १९८७मध्ये एड्सचे निदान झाले, तेही जवळच्या मोजक्या माणसांपुरते राहिले. तेव्हा या आजाराचे नुसते नाव ऐकून लोक दूर सरकत, आणि वृत्तपत्रे त्याच्या दारावर टपलेली. अखेर २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघे ४५. लंडनमध्ये अंत्यविधीच्या वेळी पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या.

२०१६ साली फेल्टमच्या त्याच्या जुन्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत फ्रेडी मर्क्युरी आहे आणि खाली कंसात फ्रेड बलसारा.