राष्ट्रीय संघाची निवड आणि पोलिश वंशाचे फुटबॉलपटू

युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ८ जून २००८ रोजी ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथे जर्मनीने पोलंडचा २–० असा पराभव केला. दोन्ही गोल लुकास पोडोल्स्की याचे होते व त्यांपैकी पहिल्या गोलसाठी चेंडू मिरोस्लाव क्लोझे याने पुरविला होता. पोडोल्स्कीचा जन्म ग्लिवित्से येथील, क्लोझेचा ओपोले येथील. म्हणजे पोलंडचा पराभव पोलंडमध्येच जन्मलेल्या दोघांनी घडवून आणला. गोल केल्यावर पोडोल्स्कीने आनंदाचे प्रदर्शन केले नाही. अशा खेळाडूंविषयी ‘त्यांनी दुसरा देश निवडला’ असे सर्रास म्हटले जाते. या विधानातील ‘निवडला’ हे क्रियापद कितपत सार्थ आहे, हे पाहावयाचे तर मैदान सोडून खाणी, सीमारेषा आणि नागरिकत्वाचे कायदे यांकडे वळावे लागते.

‘पोलिश वंश’ ही संज्ञाच प्रथम तपासून घेणे अवश्य आहे. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड हे स्वतंत्र राज्य म्हणून अस्तित्वात नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूर खोऱ्यातील कोळशाच्या खाणींकडे पूर्वेकडून जे मजूर लोटले, ते कायद्याने प्रशियाचेच प्रजाजन होते. त्यांपैकी माझुरियातून आलेले लोक पोलिश बोलीभाषा बोलत असले, तरी धर्माने प्रॉटेस्टंट व निष्ठेने प्रशियाभिमानी होते. ११ जुलै १९२० च्या सार्वमतात त्यांच्या मूळ प्रदेशाने प्रचंड बहुमताने जर्मनीच्याच बाजूने कौल दिला. गेल्सेनकिर्शेन येथील शाल्के ०४ या क्लबचे फ्रिट्झ शेपान व एर्न्स्ट कुझोरा हे दोघे आधारस्तंभ अशाच कुटुंबांतले. १९३४ साली शाल्केने जर्मन अजिंक्यपद मिळविले, तेव्हा हा पोलिशांचाच विजय होय असा सूर पोलंडमधील वृत्तपत्रांत उमटला आणि क्लबला आपल्या खेळाडूंच्या मूळस्थानाबद्दल जाहीर खुलासा करावा लागला. शेपान जर्मनीकडून ३४ सामने खेळला. त्याने पोलंड ‘नाकारला’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या घराण्याने कधीच न केलेला दावा त्याच्या माथी मारणे होय.

अपर सायलीशियाची कथा याहून गुंतागुंतीची, आणि खरे पाहता या विषयाचे मर्म तीतच आहे. येथे माणसे हलली नाहीत, सीमाच हलली. १९२१ च्या सार्वमतानंतर १९२२ साली या औद्योगिक प्रदेशाची फाळणी झाली. कातोवित्से पोलंडकडे गेले, ग्लिवित्से व ओपोले जर्मनीतच राहिली. कातोवित्से येथे १९१६ साली, जर्मन साम्राज्याच्या अमलात, एर्न्स्ट विलिमोव्स्की जन्मला. जन्मतः त्याचे आडनाव प्राडेला. ‘विलिमोव्स्की’ हे नाव त्याला सावत्र वडिलांकडून मिळाले. वयाच्या सहाव्या वर्षी, शहर न सोडता, तो पोलंडचा रहिवासी झाला. पोलंडच्या संघातून त्याने २२ सामन्यांत २१ गोल केले. ५ जून १९३८ रोजी स्ट्रासबुर्ग येथे विश्वचषक स्पर्धेत ब्राझीलने पोलंडला जादा वेळेत ६–५ असे हरविले, त्या सामन्यात पोलंडचे चार गोल एकट्या विलिमोव्स्कीचे होते. युद्धाच्या तोंडावर, २७ ऑगस्ट १९३९ रोजी, पोलंडने हंगेरीवर ४–२ असा विजय मिळविला, त्यातही त्याचे तीन गोल होते.

पुढच्याच आठवड्यात जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले व अपर सायलीशिया जर्मन राइशला जोडण्यात आला. तेथील रहिवाशांची ‘जर्मन लोकसूची’त वर्गवारी करण्यात आली. या सूचीत नाव घालण्यास नकार देणे धोक्याचे होते आणि नाव घातले की तरुणास जर्मन सैन्यात भरती होण्याची पाळी येई. असंख्य सायलीशियन कुटुंबांनी ती वाट पत्करली. विलिमोव्स्की जर्मन क्लबांतून खेळू लागला व १९४१–४२ मध्ये जर्मनीकडून ८ सामन्यांत १३ गोल करून मोकळा झाला. त्यांतले चार १८ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्न येथे स्वित्झर्लंडविरुद्ध झाले. युद्धोत्तर पोलंडने त्याला देशद्रोही ठरविले. तो पुन्हा मायदेशी परतला नाही आणि १९९७ साली कार्ल्सरुहे येथे निधन पावला. व्यापक राज्यव्यवस्थेने लक्षावधी लोकांवर लादलेल्या वर्गवारीचा जाब एका खेळाडूला विचारला गेला, याचे कारण एवढेच की त्याचे गोल मोजता येत होते. अर्थात, त्याला निवडीचा मुळीच वाव नव्हता असेही म्हणता येणार नाही. सैन्यात जाणे सक्तीचे होते. स्वस्तिकांकित गणवेशात गोल करणे तेवढे सक्तीचे नव्हते. हा भेद पुसून त्याचे समर्थन करणारे लेखकही मग विरोधकांइतकेच एकांगी ठरतात.

फ्रान्समधील प्रवाह यापेक्षा सरळ आहे. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ खचलेल्या फ्रान्सने ३ सप्टेंबर १९१९ रोजी पोलंडशी मजूर-करार केला व १९३१ पर्यंत तेथील पोलिशांची संख्या सुमारे पाच लाखांवर गेली. १० ऑगस्ट १९२७ च्या कायद्याने नागरिकत्व मिळविणे सुलभ केले. पण मंदी येताच १९३४–३५ मध्ये याच खाणकामगारांना कुटुंबांसह आगगाडीत बसवून परत धाडण्यात आले. जे मागे राहिले, त्यांच्यात नु-ले-मीन येथील कोपाशेव्स्की कुटुंब होते. त्या घरी १९३१ साली जन्मलेला रेमों चौदाव्या वर्षी खाणीत उतरला व तेथील अपघातात त्याने एका बोटाचा भाग गमावला. ‘कोपा’ या आखूड नावाने तो फ्रान्सकडून ४५ सामने खेळला. १९५८ च्या विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला व त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘सुवर्ण चेंडू’ कोपाला मिळाला. त्याच संघातील मार्यां विस्नियेस्की हाही उत्तर फ्रान्सच्या पोलिश खाणवस्त्यांचाच पुत्र. या दोघांच्या बाबतीत पोलंडचा संघ हा पर्याय व्यवहारात कधी समोर आलाच नाही.

क्लोझे व पोडोल्स्की यांच्याकडे आता परत येता येईल. ग्लिवित्से व ओपोले ही शहरे १९४५ पर्यंत जर्मनीत होती, म्हणजे तेथील जुन्या रहिवाशांचे आजोबा-आजी जर्मन नागरिक होते. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यातील ११६ व्या कलमाने अशांच्या वंशजांना जर्मन मानण्याची वाट मोकळी ठेवली होती. १९८० नंतरच्या आर्थिक हलाखीत हजारो कुटुंबे या वाटेने गेली. पोडोल्स्की दोन वर्षांचा असताना गेला. क्लोझे आठेक वर्षांचा होता. क्लोझेची आई बार्बारा पोलंडच्या हँडबॉल संघाची गोलरक्षक होती, तर वडील ओपोलेच्या ओद्रा क्लबकडून फुटबॉल खेळले होते. २००१ साली पोलंडचा प्रशिक्षक येझी एंगेल याने क्लोझेशी संपर्क साधला होता, तो निष्फळ ठरला. येथे मात्र ‘निवड’ हा शब्द काहीसा योग्य वाटतो. पुढे क्लोझेने चार विश्वचषकांत मिळून १६ गोल केले, आणि पोलिश फुटबॉलरसिकांची हळहळ त्या आकड्याबरोबर वाढत गेली.

नियमांचा इतिहास येथे दुर्लक्षून चालणार नाही. दोन देशांकडून खेळण्याची जी मोकळीक पूर्वी होती, ती आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने १९६२ साली काढून घेतली. २००४ साली, कनिष्ठ संघांतून खेळलेल्यांपुरते व २१ वर्षे वयापर्यंत, संघबदलास दार उघडले. २००९ साली ती वयोमर्यादा गेली. याचा लाभ पोलंडनेही उठविला. जर्मनीच्या कनिष्ठ संघांतून खेळलेले सेबास्टियान ब्योनिश व ऑयगेन पोलान्स्की, तसेच फ्रान्समध्ये जन्मलेले ल्युदोविक ओब्रानियाक व दामियें पेर्की हे चौघे २०१२ च्या युरोपीय स्पर्धेत पोलंडकडून उतरले. स्पर्धा पोलंड व युक्रेन यांच्या भूमीवर होती. तेव्हा यान तोमाशेव्स्की या विख्यात माजी गोलरक्षकाने या संघाला आपला म्हणण्यास जाहीर नकार दिला. जर्मनीकडे गेलेले सायलीशियन अपुरे पोलिश, आणि परत आलेले तर पोलिश नव्हेतच, अशी ही विलक्षण कोंडी होती.

क्लबच्या खेळात असा प्रश्न उद्भवत नाही. २०२१ साली पोडोल्स्की सायलीशियातीलच झाब्झे येथील गुर्निक क्लबात दाखल झाला. ‘गुर्निक’ या पोलिश शब्दाचा अर्थ खाणकामगार असा आहे.