घरगुती व्यवसायाचा नवा कारकून

घरांत तयार होणारा चिवडा, मेतकूट, भाजणी हे जिन्नस पूर्वीं आप्तेष्टांपलीकडे क्वचितच जात. आज इंटरनेटमुळें घरची सूनबाई पुण्यास बसून इंदूरच्या गिऱ्हाइकाची मागणी घेते आणि पैसेही क्षणांत जमा होतात. ही गोष्ट अभिनंदनीय होय. परंतु मालाबरोबर बिल गेलें पाहिजे, आणि बिल म्हटलें कीं हिशेब आला. एकत्र कुटुंबांत तर त्याचें महत्त्व अधिकच. तेल, गॅस व जागा घरची, श्रम एकीचे. मग नफा किती व तो कोणाचा, याचें उत्तर वहींत नसेल तर तें रुसव्याफुगव्यांत शोधावें लागतें. म्हणून बिलाचें सॉफ्टवेअर कसें निवडावें व त्याची मांडणी कशी करावी, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम कायदा पाहूं. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. केवळ माल विकणाऱ्या महाराष्ट्रांतील व्यापाऱ्यास, वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आंत असल्यास, सामान्यतः नोंदणीची सक्ती नाहीं. एवढ्यावरून पुष्कळ घरें निर्धास्त असतात. परंतु करपात्र खाद्यपदार्थ परराज्यांत विकावयाचे असल्यास ही सवलत राहत नाहीं. इंदुरास पहिली पुडी धाडण्यापूर्वींच नोंदणी हवी. तेव्हां सॉफ्टवेअर घेण्याआधीं माल कोठें कोठें जाणार, हें ठरवावें.

बाजारांत टॅली, झोहो, व्यापार अशीं अनेक नांवें ऐकूं येतात. नांवापेक्षां गुण पाहावे, आणि त्यासाठीं चार प्रश्न विचारावे.

पहिला: गिऱ्हाइकाचें राज्य ओळखून कर आकारला जातो काय? बंद पाकिटांतील १००० रुपयांच्या चिवड्यावर शेंकडा ५ प्रमाणें ५० रुपये कर होतो. माल नाशिकला गेला तर केंद्राचे २५ व राज्याचे २५ असे दोन भाग दाखवावे लागतात. इंदुरास गेला तर ५० रुपयांचा एकच एकात्मिक कर.

दुसरा: कराचा दर बदलल्यास जुनीं बिलें जशींच्या तशीं राहतात काय? याच चिवड्यावरील दर २२ सप्टेंबर २०२५ रोजीं शेंकडा १२ वरून ५ वर आला. नवा दर घालतांच मागील बिलांतील आंकडेही बदलणारें सॉफ्टवेअर निरुपयोगी समजावें.

तिसरा: दिलेलें बिल निमूटपणें पुसतां येतें काय? येत असेल तर तो दोषच होय. माल परत आल्यास मूळ बिल तसेंच ठेवून क्रेडिट नोट काढावी.

चौथा: आपली सर्व माहिती एक्सेलच्या रूपांत बाहेर काढतां येते काय? नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यास हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनीचें भाडें थकलें म्हणून आपलीच वही आपणांस दिसूं नये, हें चालणार नाहीं.

आतां मांडणी. व्यवसायाचें बँकखातें घरखर्चाहून वेगळें ठेवावें. मग प्रत्येक जिनसाचें नांव, वजन, किंमत, एचएसएन संकेतांक व कराचा दर भरावा. बिलांचे क्रमांक दर १ एप्रिलपासून नवे सुरू करावे. ते सलग असावे व एका क्रमांकांत १६ हून अधिक अक्षरें नसावीं. यानंतर खरी विक्री करण्यापूर्वीं चार नमुना बिलें करून पाहावीं: एक राज्यांतील, एक परराज्यांतील, एक सवलतीचें व एक परत आलेल्या मालाचें. त्यांतील आंकडे पाटीवर पडताळावे.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा. गिऱ्हाइकानें कार्डानें १०५० रुपये भरले तरी मधली कंपनी आपलें कमिशन कापून उरलेलीच रक्कम बँकेंत पाठविते. बँकेंत आलें तेवढेंच जमेस धरणें चूक; विक्री पूर्ण रकमेची लिहावी व कमिशन खर्चीं टाकावें. याचप्रमाणें घरच्या तेलाचा व गॅसचा वाजवी खर्चही दरमहा घराच्या नांवें द्यावा, म्हणजे उरतो तो खरा नफा, आणि तो जिच्या श्रमांचा तिच्या खात्यांत निःसंकोच जमा करतां येतो.

सॉफ्टवेअर हा कारकून आहे, कारभारी नव्हे. आठवड्यांतून एकदां बँकेची बाकी व वहीची बाकी ताडून पाहण्याचें काम घरच्याच माणसानें करावें, आणि तें दोघांना तरी येत असावें. सासूबाईंना मोबाईलवर तें शिकविल्यास उत्तम. ज्या हातांनीं वर्षानुवर्षें दूधवाल्याचा हिशेब चोख ठेवला, त्यांना हें मुळींच अवघड नाहीं.