वाटीभर जठर, घोटभर पाणी

खोकल्याच्या औषधाबरोबर प्लास्टिकचे एक छोटे मापाचे झाकण मिळते. त्यावर बहुधा ५ आणि १० मिलिलिटरच्या खुणा असतात. असे एक झाकण स्वच्छ धुऊन घ्या आणि घड्याळ समोर ठेवून एक प्रयोग करा. १० मिलिलिटरची तीन झाकणे, म्हणजे ३० मिलिलिटर पाणी वाटीत घ्या व ते लहान लहान घोटांनी पंधरा मिनिटांत संपवा. पंधरा मिनिटे झाली की पुन्हा तीन झाकणे. तासभर हा क्रम चालू ठेवा. तासाअखेर तुमच्या पोटात १२० मिलिलिटर पाणी गेलेले असेल. खेळून आल्यावर आपण पेलाभर पाणी एका दमात पितो, त्यापेक्षाही हे कमीच.

प्रयोग कंटाळवाणा आहे, यात शंका नाही. पण वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सुरुवातीच्या दिवसांत नेमके हेच करावे लागते, आणि तेही सकाळपासून रात्रीपर्यंत. मुंबई-ठाण्याकडे अशा शस्त्रक्रिया आता नेहमीच्या झाल्या आहेत. आमच्या भिवंडीतूनही माणसे त्यासाठी जातात. तीन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो तो आहाराचे छापील पत्रक घेऊन. घरातली मंडळी ते वाचतात, माना डोलावतात, आणि दोन दिवसांनी आजी म्हणते, “अगं, नुसत्या पाण्यावर का माणूस जगतो? दोन घास मऊ भात तरी दे त्याला!” आजीच्या बोलण्यात माया आहे, पण हे दोन घास पहिल्या आठवड्यात खरोखर घातक ठरू शकतात. पत्रकात फक्त ‘हे करा, ते करू नका’ असते. का करायचे, ते कोणी सांगत नाही, म्हणून नियम मोडावासा वाटतो. ते ‘का’ समजण्यासाठी तुमच्या शाळेतले पदार्थविज्ञान पुष्कळसे पुरते.

जठर लहान होते म्हणजे काय होते?

मोठ्या माणसाचे जठर ही एक विलक्षण पिशवी आहे. रिकामे असताना ते मुठीएवढे आक्रसलेले असते, पण जेवताना त्यात लिटरभर, कधी त्याहूनही जास्त ऐवज मावतो. गंमत अशी, की एवढा ऐवज आत गेला तरी आतला दाब फारसा वाढत नाही. अन्न येऊ लागले की जठराचा वरचा, घुमटासारखा भाग आपोआप सैल पडतो व जागा करून देतो.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सध्या फार प्रचलित असलेल्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा हा घुमटासह बाहेरचा मोठा भाग कापून काढतात. उरते ती एक अरुंद, उभी नळी. भिवंडीच्या मुलांना सांगायचे तर धोट्यात बसणाऱ्या कांडीच्या आकाराची, फक्त बरीच मोठी. इतरांनी केळे डोळ्यांपुढे आणावे. तिच्यात सुमारे १०० ते १५० मिलिलिटर मावते, म्हणजे कटिंग चहाचा एक ग्लास. दुसरा प्रकार ‘बायपास’. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी तो १९६६ मध्ये प्रथम केला. आज केल्या जाणाऱ्या बायपासमध्ये अन्ननलिकेखाली जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा ठेवून तो सरळ लहान आतड्याला जोडतात. ३० मिलिलिटर म्हणजे आपली तीन झाकणे!

आता लक्षात घ्या, की स्लीव्हमध्ये नुसते आकारमान कमी झालेले नाही. सैल पडणारा भागच गेला आहे. उरलेली नळी ताठर आहे. त्यामुळे १०० मिलिलिटरनंतरचा प्रत्येक चमचा आतला दाब झपाट्याने वाढवतो. नळीच्या भिंतीवरचा ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. अरुंद नळीची त्रिज्या लहान, हा फायदा खरा. पण दाबच वाढू लागला की तो फायदा संपतो. शिवाय ही नळी मधे जराशी वळते व तेथे आणखी अरुंद होते. बागेतल्या पाण्याच्या नळीवर मधेच पाय दिला की पायाच्या अलीकडचा भाग तट्ट फुगतो. येथेही वरच्या भागाचे तसेच होते. कापलेल्या कडेतून गळती झालीच, तर ती बहुधा वरच्या टोकाशी, अन्ननलिकेजवळ होते, याचे हे एक कारण आहे.

ही कड कशाने बंद केलेली असते? टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या ओळींनी. आपल्या स्टेपलरची टाचणी कागदामागे दुमडते तशीच हीही दुमडते. मात्र दुमडल्यावर तिचा आकार इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा होतो, म्हणजे कडेच्या पेशींना रक्त मिळत राहते. पहिले तीन-चार दिवस ती कड जवळजवळ या टाचण्यांच्याच जोरावर उभी असते. पुढे शरीर तेथे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणू लागते आणि जखमेची ताकद आठवड्या-आठवड्याने वाढते. पत्रकातील पायऱ्या या विणकामाच्या वेगाला धरून ठरवलेल्या आहेत. पहिले एक-दोन दिवस फक्त नितळ पेये. मग सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, गाळलेले सूप असे सर्व पातळ पदार्थ. त्यानंतर चौथ्या आठवड्यापर्यंत मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न. सहाव्या आठवड्यापर्यंत मऊ अन्न. आणि मग हळूहळू नेहमीचे. प्रत्येक रुग्णालयाचे दिवस थोडे वेगळे असतात. आपल्या शल्यचिकित्सकाने लिहून दिलेले दिवस तेच खरे मानावेत. शेजाऱ्याच्या मेहुण्याचे नव्हेत.

हौद आणि नळ

अंकगणितातला हौदाचा प्रश्न आठवतो का? एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस हौद लहान असतो आणि सुजेमुळे बाहेरची वाटही अरुंद झालेली असते. तेव्हा आत येणारा प्रवाह बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त झाला की पाणी वर चढते: छातीत दाटते, दुखते, फेसासारखी उलटी होते. म्हणून घोट घोट.

पण मग दिवसाचे पाणी पुरे कसे व्हायचे? दररोज निदान दीड लिटर द्रव पोटात जावा अशी अपेक्षा असते. तासाला १२० मिलिलिटर, तर १५०० मिलिलिटरला साडेबारा तास! जागेपणाचा जवळजवळ सगळा दिवस. येथे चालढकल चालत नाही. दुपारी दोन तास विसरलात तर संध्याकाळी दुप्पट पिऊन भरपाई करता येत नाही, कारण हौद मोठा होत नाही. पहिल्या आठवड्यांत रुग्ण पुन्हा रुग्णालयात जातो तो पुष्कळदा शरीरातले पाणी कमी झाल्यामुळेच. लघवी गडद पिवळी व थोडी होऊ लागली, उठताना भोवळ आली, तर ती त्याचीच खूण.

उपवासाचा प्रश्नही याच हिशेबाने सुटतो. रमजानात इफ्तार संध्याकाळी सातला व सहेरी पहाटे साडेचारपर्यंत धरली, तर मधे साडेनऊ तास मिळतात. क्षणभरही न झोपता प्यायले तरी ११४० मिलिलिटर होतात. निर्जळी एकादशीचा हिशेब तर मांडायलाच नको. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, आणि आपल्याकडच्या व्रतांतही कोणी आजाऱ्याला पाण्यावाचून ठेवत नाही. पुढे उपवास केव्हा सुरू करता येतील, ते डॉक्टरांना विचारावे.

सोडा वर्ज्य का, तेही पाहू. बंद बाटलीतल्या सोड्यात त्याच्या आकारमानाच्या तिप्पट-चौपट कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. २०० मिलिलिटर सोडा घेतला तर ६०० ते ८०० मिलिलिटर वायू. त्यातला पाचवा हिस्साच जठरात बाहेर पडला असे माना. तेवढ्यानेही नवी नळी भरून जाईल. ढेकर येईल की, असे तुम्ही म्हणाल. येईल, पण तोवर टाचण्यांच्या ओळीवर दाब पडलेलाच असेल. स्ट्रॉने पिऊ नये, कारण तिच्यातून द्रवाबरोबर हवाही गिळली जाते.

गोडाचे गणित

उसाचा रस पातळ असतो, गाळलेलाही असतो. मग तो का नको? रसात सुमारे १५ टक्के साखर धरा, म्हणजे लिटरला १५० ग्रॅम. साखरेचा रेणुभार ३४२. म्हणजे लिटरमध्ये सुमारे ०.४४ मोल. आतड्यात साखरेच्या प्रत्येक रेणूचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात, झाले ०.८८. रक्तातील विरघळलेल्या सर्व कणांची तीव्रता लिटरला ०.३ मोलच्या आसपास असते. म्हणजे रस रक्ताच्या जवळजवळ तिप्पट तीव्र. मिठाच्या पाण्यात टाकलेली बटाट्याची फोड मऊ पडते, कारण परासरणाने पाणी तीव्र द्रावणाकडे जाते. हा प्रयोग तुम्ही वर्गात केला असेल. आतड्यातही तेच. रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते. पोट फुगते, मुरडा येतो, छाती धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात.

तुमच्याआमच्या पोटात असे का होत नाही? जठराच्या खालच्या तोंडाशी एक द्वारपाल स्नायू असतो. तो तीव्र द्रावण थोडे थोडे करून पुढे सोडतो. बायपासमध्ये अन्न या द्वारपालाला वळसा घालून जाते, म्हणून त्या रुग्णांना गोडाचा त्रास जास्त होतो. स्लीव्हमध्ये तो जागेवरच असल्याने त्रास कमी, पण अजिबात नाही असे नव्हे.

वरणाच्या पाण्यात किती प्रथिने?

आपल्या घरांत सर्वांत मोठी फसगत होते ती येथे. पातळ आहार म्हटला की आपल्याला वरणाची निवळ, भाताची पेज आणि भिवंडीत हटकून पायाचे सूप आठवते. निवळ म्हणजे डाळीवरचे पाणी. डाळ खाली भांड्यात राहते आणि प्रथिनेही तिच्याबरोबर खालीच राहतात. पेजेत मुख्यतः पिष्ट. पायाच्या सुपात जिलेटिन असते. ते प्रथिन आहे खरे, पण अपुरे, कारण शरीराला हवे असलेले ट्रिप्टोफेन हे अमिनो आम्ल त्यात नसते. त्यातून वर तरंगणारी चरबी पचायला जड.

रुग्णाला रोज सुमारे ६० ग्रॅम प्रथिने हवी असतात. १०० मिलिलिटर दुधात ती ३.२ ग्रॅमच्या आसपास. केवळ दुधावर भागवायचे तर जवळजवळ १.९ लिटर दूध लागेल, आणि आपला साडेबारा तासांचा हिशेब तर दीड लिटरचा आहे! म्हणून साय काढलेल्या दुधात दूधभुकटी मिसळतात किंवा प्रथिनांची तयार भुकटी देतात. ही श्रीमंती चैन नव्हे. प्रथिने मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून खाते, आणि जखमेवरचे कोलॅजनही प्रथिनांचेच विणायचे असते. वजनकाट्याला चरबी व स्नायू यांतला फरक कळत नाही. तो दोन्हींना सारखाच खूष होतो.

शस्त्रक्रियेच्या आधीही काही दिवस पातळ आहार देतात. त्याने यकृतातील साठा कमी होऊन ते आक्रसते व त्याखाली दडलेले जठर शल्यचिकित्सकाला नीट दिसते. २०१७ च्या फेब्रुवारीत इमान अहमद या इजिप्तच्या महिलेला मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, तेव्हा तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले होते. तिलाही आधी पातळ आहारावर ठेवून मग ७ मार्चला स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. तिला इतर अनेक विकार होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचे निधन झाले.

भुकेचा भरवसा नाही

“भूक लागली की खाईल, तहान लागली की पिईल,” हे एरवी शहाणपणाचे. पण भूक जागवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या त्याच घुमटात तयार होते. जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधून काढले. घुमट गेला की घ्रेलिन घटते. त्यामुळे रुग्णाला दिवस दिवस भूक लागत नाही, पोट भरल्याची जाणीव मात्र एकदम, वेदनेच्या रूपाने होते. म्हणून काही आठवडे भुकेऐवजी माप, घड्याळ आणि वही. हे काम तुम्ही उत्तम करू शकाल.

त्याच वहीत नाडीचेही ठोके लिहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. विश्रांतीत असताना नाडी सतत १२० च्या वर असेल, ताप असेल, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ येत असेल, श्वास लागत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. ती गळतीची लक्षणे असू शकतात, लगेच रुग्णालय गाठा. उलट्या वारंवार होऊ लागल्या तरी थांबू नये. ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तो संपला की मेंदूला व मज्जातंतूंना इजा होते.

घन आहार सुरू झाला की चावण्याला महत्त्व येते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मिलिमीटरचे घन केले तर एकूण पृष्ठफळ ६०. पाचकरसाला दसपट जागा मिळते, आणि अरुंद वाटेत तुकडा अडकण्याची भीती जाते. म्हणून प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावायचा, आधी डाळ, अंडे, मासा, पनीर असे प्रथिनांचे घ्यायचे, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. पावाचा मऊ गोळा आणि मोकळा भात सर्वांत शेवटी, कारण ते आत चिकटून बसतात. भाकरी वरणात भिजवून कुस्करली तर त्याआधी चालते. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तशा पुढेही चालू ठेवायच्या असतात. ब-१२ शोषायला जठरातून स्रवणारा एक घटक लागतो, आणि तो स्रवणारे जठरच आता थोडे उरलेले किंवा बाजूला पडलेले असते. यकृतातला जुना साठा हळूहळू संपत जातो. त्याची काहीच चाहूल लागत नाही, म्हणून दरवर्षी रक्त तपासायचे.