घडवणाऱ्याच्या हाती काय?

ट्रेक-लिव्हस्ट्राँग, बॉन्ट्रेगर, बिसेल, ॲक्सिऑन, हेगन्स बर्मन. सायकल शर्यतींचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी वहीत या प्रत्येकाला वेगळे पान दिले होते. निघाला तो एकच संघ. प्रायोजक बदलला की पाटी बदलायची. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या एडी मर्क्सचा मुलगा ॲक्सेल तो चालवी आणि २३ वर्षांखालील मुले घडवी.

२०२० च्या जिरो द इटालियात त्याच्या दोन शिष्यांनी गाजवले. टाओ गेगन हार्ट ३९ सेकंदांनी जिंकला. जुआंव आल्मेइदाने आघाडीची गुलाबी जर्सी १५ दिवस राखली आणि चौथा आला. मात्र तेव्हा एकाच्या छातीवर रसायन कंपनीचे नाव होते, दुसऱ्याच्या खिडक्यांच्या चौकटी बनवणारीचे.

फुटबॉलमध्ये खेळाडू विकला गेला की त्याला लहानपणी शिकवणाऱ्या क्लबलाही वाटा पोचतो. इथे करार संपला की मुलगा मोकळा, गुरू रिकामा. रस्त्याकडेच्या प्रेक्षकाला तिकीट नसते, प्रक्षेपणाचा पैसा प्रामुख्याने आयोजकांकडे जातो. संघाला उरते ती जर्सीवरची जागा. आणि प्रायोजकाला आपले नाव झळकायला हवे जुलैतल्या टूरमध्ये. पोरांच्या शर्यतीला कॅमेरे किती असणार? (मीही त्या क्वचितच पाहिल्या, हे कबूल करतो.)

पुढे मोठ्या संघांनी स्वतःचेच युवा संघ काढले, होतकरू मुले थेट तिकडे वळली. ॲक्सेलचा संघ २०२४ च्या अखेरीस बंद झाला.