८०८५ची बेरीज किती वेळा लिहायची?

बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानपासून इंदापूरजवळच्या वनगळीपर्यंत अभियांत्रिकीची कॉलेजं झाली आणि मायक्रोप्रोसेसर म्हटलं की इंटेलची १९७६ची ८०८५ चिप अजून आठवतेच. आता ती शिकायला सरावाचं किट हवंच असं नाही. लॅपटॉपवर चिपची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर चालतो. तो स्वतः लिहिणं हा मला सर्वांत चांगला प्रोजेक्ट वाटतो.

या चिपच्या आज्ञांमध्ये हेक्स ८० ते बीएफ असा चौसष्ट घरांचा पट्टा आहे. बेरीज, वजाबाकी, तुलना अशा आठ क्रिया आणि आकडा घ्यायच्या आठ जागा: सात रजिस्टर नि मेमरी. शेवटचे तीन बिट जागा सांगतात, त्याआधीचे तीन क्रिया. म्हणजे एका फंक्शनात सगळं भागतं, पण दर आज्ञेला ‘कोणती क्रिया, कोणती जागा’ ही चौकशी नव्याने करावी लागते. चौसष्ट फंक्शनं लिहिली तर चौकशी वाचते. चुकांना मात्र चौसष्ट जागा मिळतात.

आणि चूक हमखास फ्लॅगमध्ये, म्हणजे निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या बिटांमध्ये होते. ‘एएनए’ (तार्किक ‘आणि’) आज्ञेनंतर ८०८५ ऑक्झिलरी कॅरी (खालच्या चार बिटांतून येणारा हातचा) हा फ्लॅग नेहमी १ करते. तिची थोरली बहीण ८०८० मात्र दोन्ही आकड्यांचे (शून्यापासून मोजून) तिसऱ्या क्रमांकाचे बिट पाहून तो ठरवते. हा फरक लगेच दिसत नाही. पुढे तोच फ्लॅग वाचणारी, दशमान दुरुस्तीची ‘डीएए’ आली की दशमान उत्तर बिघडतं.

मुळात घाई कुणाला आहे? ३.०७२ मेगाहर्ट्झच्या ८०८५वर ‘ॲड बी’ (बी रजिस्टर मिळवा) या आज्ञेला घड्याळाचे चार ठोके, म्हणजे १.३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या लॅपटॉपचे सुमारे ३,९०० ठोके पडतात! इथे खुशाल एकच फंक्शन लिहावं. वेग हवाच असेल, तर नियम मॅक्रोत एकदा लिहून चौसष्ट प्रती कंपायलरकडून काढून घ्याव्यात. हाताने प्रती काढणं मला तरी पटत नाही.

आजच्या प्रोसेसरची नक्कल करताना ही चैन उरत नाही. म्हणून फाब्रिस बेलार्ड यांचा २००३चा क्यूईएमयू हा एम्युलेटर आज्ञांचे तुकडेच्या तुकडे यजमान चिपच्या, म्हणजे तो ज्या चिपवर चालतो तिच्या भाषेत उतरवून जपून ठेवतो. मध्ये एक सामाईक भाषा आहे. नाहीतर दहा पाहुण्या (नक्कल होणाऱ्या) आणि पाच यजमान चिपांसाठी पन्नास अनुवादक लिहावे लागले असते. आता पंधरा पुरतात. किचकट आज्ञा मात्र तोही सीमध्ये लिहिलेल्या मदतनीस फंक्शनांकडे सोपवतो, थोडा वेळ गेला तरी.