अनुवादातून जगापुढे आलेला इंडोनेशिया

इंडोनेशियाचं साहित्य इंग्रजीत नेण्याचं काम जाकार्तातल्या ‘लोंतार फाउंडेशन’नं सर्वांत चिकाटीनं केलं आहे. अमेरिकी अनुवादक जॉन मॅकग्लिन यांनी १९८७ साली गुनावान मोहमद, सापार्दी जोको दामोनो, उमर कायाम आणि सुबागियो सास्त्रोवार्दोयो या लेखकांबरोबर ही संस्था उभी केली. कथा-कवितांवर ती थांबली नाही. इंडोनेशियन नाटकांच्या इंग्रजी अनुवादांचे तीन खंडही तिनं काढले. हे खंड मला विशेष मोलाचे वाटतात. संहिता छापलेली नसेल, तर चांगलं नाटकही प्रयोगांबरोबर संपतं.

त्याआधी एका अनुवादकाला मोठी किंमत मोजावी लागली होती. सुहार्तो राजवटीनं कादंबरीकार प्रामुद्या अनंता तूर यांना खटला न चालवता बुरू बेटावर दहा वर्षं डांबलं. लिहायला मनाई होती, म्हणून त्यांनी आपली कादंबरी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. १९८० मध्ये ती ‘बुमी मानुसिया’ या नावानं प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर बंदी आली. तिचे इंग्रजी अनुवादक मॅक्स लेन जाकार्तातल्या ऑस्ट्रेलियन दूतावासात नोकरीला होते. या अनुवादापायी त्यांना मायदेशी परत बोलावण्यात आलं. पुस्तक मात्र जगभर पोचलं.

इंडोनेशियन साहित्याची ही वाटचाल पुढे जागतिक व्यासपीठावरही दिसली: २०१५ मध्ये फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात इंडोनेशिया सन्माननीय पाहुणा देश होता.

या साहित्याशी ओळख करून घ्यायची असेल, तर ‘बुमी मानुसिया’पासूनच सुरुवात करा. या कादंबरीमालेचे पुढचे तीन भाग तुम्ही आपणहून शोधाल.