दर तोच, मग कर जास्त का?

आजचा विषय थोडा रुक्ष आहे, पण तो तुमच्या-आमच्या खिशाचा आहे. ब्रिटनमधला आयकर गेल्या काही वर्षांत कसा बदलला, आणि त्याचा नोकरदार, पेन्शनर आणि छोट्या व्यावसायिक मंडळींवर काय परिणाम होतो, हे आज समजून घेऊ. शक्य असेल तर कागद-पेन जवळ ठेवा, कारण आकडे बरेच येणार आहेत.

"पगार वाढला, पण हातात काही उरत नाही," हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक गणपतीत आणि प्रत्येक भिशीत ऐकू येतं. महागाई हे त्याचं एक कारण आहेच. दुसरं कारण मात्र बातम्यांमध्ये फारसं दिसत नाही, कारण त्यात सरकारने कराचा दर वाढवलेलाच नाही.

आपल्या उत्पन्नातले पहिले १२,५७० पौंड करमुक्त असतात. त्याला पर्सनल अलाउन्स म्हणतात. त्यापुढे ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के आणि त्यानंतर ४० टक्के कर लागतो. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या श्रोत्यांचे टप्पे आणि दर वेगळे आहेत, पण १२,५७०चा आकडा त्यांनाही लागू आहे. हे दोन्ही आकडे एप्रिल २०२१ पासून हललेले नाहीत. आधी २०२६ पर्यंत, मग २०२८ पर्यंत, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तर एप्रिल २०३१ पर्यंत ते गोठवून ठेवायचं ठरलं. म्हणजे सलग १० वर्षं.

यामुळे काय होतं ते पाहा. समजा, २०२१ मध्ये तुमचा पगार ३०,००० पौंड होता. तेव्हा आयकर बसायचा ३,४८६ पौंड. पुढे पगार २० टक्क्यांनी वाढून ३६,००० झाला. आता आयकर होतो ४,६८६ पौंड. पगार वाढला २० टक्के, पण कर वाढला ३४ टक्के. करमुक्त मर्यादाही त्याच २० टक्क्यांनी वाढली असती, तर तुमचा कर सुमारे ५०० पौंडांनी कमी असता. दर तोच, मर्यादा तीच, तरीही तुमच्या वाढीतला मोठा घास सरकारच्या ताटात.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पगारदारांचा नॅशनल इन्शुरन्स जानेवारी २०२४ मध्ये १२ टक्क्यांवरून १० आणि एप्रिल २०२४ मध्ये ८ टक्क्यांवर आला. ३६,००० पगारावर त्यातून वर्षाला सुमारे ९३७ पौंड वाचतात. म्हणजे या उदाहरणातल्या नोकरदाराचं नुकसान भरून निघतं. पण नॅशनल इन्शुरन्स लागतो तो कामाच्या कमाईवर. पेन्शन, व्याज, घरभाडं यांवर तो नव्हताच, त्यामुळे त्यातली सूटही तिथे मिळाली नाही.

म्हणूनच सर्वात आधी आपल्या ज्येष्ठांकडे बघा. २०२६-२७ मध्ये पूर्ण नवी स्टेट पेन्शन आठवड्याला २४१.३० पौंड आहे. वर्षाचे होतात १२,५४७ पौंड. करमुक्त मर्यादा १२,५७०. मध्ये फट उरली जेमतेम २२ पौंडांची. ज्यांना त्यावर थोडी खासगी पेन्शन मिळते, त्यांच्या त्या पेन्शनचा जवळजवळ प्रत्येक पौंड आता करपात्र आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादे काका-मावशी असतील आणि त्यांना एचएमआरसीचं पत्र आलं असेल, तर ते बाजूला ठेवू नका. त्यांच्यासोबत बसून वाचा.

आता दुसरं टोक. आपल्यापैकी आयटी, वैद्यकीय आणि बँकिंग क्षेत्रातल्या अनेकांचं उत्पन्न १ लाख पौंडांच्या आसपास पोहोचलंय. ही १ लाखाची रेषा २०१० मध्ये आखली गेली आणि अजून तिथेच आहे. तिच्यापुढे कमावलेल्या दर २ पौंडांमागे १ पौंड करमुक्त सूट कमी होते. १,२५,१४० ला ती पूर्ण संपते. समजा, पगार १,००,००० वरून १,१०,००० झाला. वाढलेल्या १०,००० मधले ६,००० आयकरात जातात, २०० नॅशनल इन्शुरन्समध्ये, आणि घरी येतात ३,८००. घरात लहान मूल असेल, तर फटका आणखी मोठा. आई किंवा वडील, कुणा एकाचं उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की इंग्लंडमधले पाळणाघराचे ३० मोफत तास आणि प्रत्येक मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत मिळणारी टॅक्स-फ्री चाइल्डकेअरची मदत, दोन्ही जातात. दोघांचे पगार ९९,००० असलेल्या घराला सगळं मिळतं. एकाचा १,०१,००० आणि दुसऱ्याचा २५,००० असलेल्या घराला या दोन्ही सवलती मिळत नाहीत.

यावर कायदेशीर आणि सोपा उपाय आहे. पेन्शनमध्ये जास्त रक्कम भरली, की हिशेबात धरलं जाणारं उत्पन्न तेवढं खाली येतं. गिफ्ट एडखाली दिलेली देणगीही त्यात धरली जाते. बोनस जाहीर झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी हे गणित करा.

आता छोट्या व्यावसायिकांकडे येऊ. लिमिटेड कंपनी काढून थोडा पगार आणि बाकीचा डिव्हिडंड घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. २०२२-२३ मध्ये डिव्हिडंडचे पहिले २,००० पौंड करमुक्त होते आणि पुढचा दर ८.७५ टक्के होता. आता करमुक्त रक्कम फक्त ५०० आहे, आणि एप्रिल २०२६ पासून दर १०.७५ टक्के झालाय. १२,५७० पगार आणि ३०,००० डिव्हिडंड घेणाऱ्याचा डिव्हिडंडवरचा कर २,४५० वरून ३,१७१ पौंडांवर गेला. शिवाय एप्रिल २०२५ पासून मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला, आणि तो ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांपासूनच सुरू होतो. एकट्या डायरेक्टरच्या कंपनीला १२,५७० पगारावर पूर्वी ४७९ पौंड भरावे लागायचे, आता १,१३५.

पण सगळ्यांसाठी चित्र सारखं नाही. एम्प्लॉयमेंट अलाउन्स नावाची सूट ५,००० वरून १०,५०० पौंडांवर गेली आहे. २५,००० पगाराची तीन माणसं कामाला असलेल्या दुकानाचं हे बिल चक्क शून्यावर येतं. अशी दहा माणसं असलेल्या उपाहारगृहाचं मात्र सुमारे २,५०० पौंडांनी वाढतं. एकटाच डायरेक्टर पगारावर असेल, तर ही सूट मिळत नाही. तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, आपल्या कंपनीचं गणित स्वतंत्र मांडा.

कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्यांसाठी मोठा बदल म्हणजे मेकिंग टॅक्स डिजिटल. डबे पुरवणाऱ्या ताई, टॅक्सी चालवणारे दादा, शिकवण्या घेणारे शिक्षक, घर भाड्याने देणारे, हे सगळे त्यात येतात. ६ एप्रिल २०२६ पासून ५०,००० पौंडांच्या वर उलाढाल असलेल्यांना हिशेब सॉफ्टवेअरमध्ये ठेवून दर तिमाहीला एचएमआरसीकडे पाठवायचाय. पहिली तारीख ७ ऑगस्ट २०२६. वर्षाअखेरचं विवरण आहेच. एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० होते आणि एप्रिल २०२८ पासून २०,०००.

इथे "उलाढाल" हा शब्द अधोरेखित करा. नफा नव्हे. वर्षाला ५५,००० चे डबे विकून सामान, गॅस, पेट्रोल वजा जाता १८,००० उरत असले, तरी तुम्ही यात आलात. धंदा आणि घरभाडं या दोन्हींची बेरीज धरतात. इथले रहिवासी असाल, तर पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंसुद्धा त्या बेरजेत येतं.

पुण्याचा विषय निघालाच आहे, तर शेवटचा मुद्दा. "एनआरई ठेवीचं व्याज करमुक्त असतं," असं आपण सर्रास म्हणतो. ते भारतात करमुक्त आहे. ब्रिटनचे कर-रहिवासी म्हणून आपल्याला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. भारतात कर भरलेला नसल्यामुळे वजावटही मिळत नाही. "पैसे इकडे आणलेच नाहीत" ही जुनी सवलत एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. त्याआधीची सलग १० वर्षं इथले रहिवासी नसलेल्या नवागतांना पहिली ४ वर्षं नवी सवलत मागता येते, पण ती मागावी लागते. दोन्ही देशांमध्ये खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण होते, तेव्हा आपण होऊन कळवणं केव्हाही स्वस्त पडतं. आणि लक्षात ठेवा, भारताचं वर्ष ३१ मार्चला संपतं, इथलं ५ एप्रिलला. भारतातल्या बँकेचं प्रमाणपत्र जसंच्या तसं इथे चालत नाही.

या आठवड्यात तीन कामं करा. एक, पेस्लिपवरचा टॅक्स कोड पाहा. साधारणपणे तो १२५७एल असतो. वेगळा असेल, तर कारण शोधा. दोन, पती-पत्नीपैकी एकाचं उत्पन्न १२,५७० च्या खाली असेल आणि दुसरं २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर मॅरेज अलाउन्ससाठी अर्ज करा. वर्षाला २५२ पौंडांपर्यंत वाचतात, आणि मागच्या ४ वर्षांचेही मागता येतात. अर्ज फुकट आहे, कुणाला कमिशन देऊ नका. तीन, धंदा असेल, तर त्याचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं करा. तिमाही हिशेबाचं निम्मं काम तिथेच होतं.

मी आयटीतला माणूस आहे, अकाउंटंट नाही. तुमच्या परिस्थितीत नेमकं काय करायचं, ते आपल्या अकाउंटंटला विचारा. पण विचारायला जाताना आपले आकडे सोबत घेऊन जा. म्हणजे फी देऊन मिळालेला तो तास कागद शोधण्यात नाही, सल्ला ऐकण्यात जाईल.